चोच, ठिपका आणि धाकटी

त्या दिवशी कारखान्यात एकही आजारी बाई नव्हती, असं तुम्ही चौकशीत उभं राहून सांगितलंत. शब्दन्‌शब्द खरा आहे. कारखान्यात नव्हतीच. कारखान्याच्या मागच्या आवारात उभ्या असलेल्या लोखंडी कंटेनरमध्ये होत्या, सहा जणी, आणि बाहेरून कडी घातलेली होती. तुम्ही धडधडीत खोटं बोलला असतात तर माणूस भांडला असता. पण तुम्ही खरंच बोललात, आणि असं काही बेतून बोललात की एक बाई मेली ती कुणाच्याच नावावर लागली नाही. तेव्हा आता जरा गप्प बसा आणि ऐका. त्या दिवसाची सकाळ तुम्ही पाहिलेली नाही. ती आधी ऐका.

"हात वर कर," थोरली म्हणाली.

"केलाय की."

"तो डावा. उजवा कर."

धाकटीनं मान वाकवून आपल्या हातांकडे पाहिलं. कुठला हात कुठं आहे हे तिला आता बघून ठरवावं लागायचं. मग तिनं उजवा वर केला. थोरलीनं तिची बाही ओढली, मनगटाचं बटण लावलं, गळ्याचं लावलं, आणि केसांत कंगवा घातला.

"बालवाडीत धाडताय जणू मला," धाकटी म्हणाली.

"बालवाडीतलं पोर निदान रडतं तरी. तू दात काढतेस."

"रडल्यावर बटणं आपोआप लागत असती तर रडले असते हो ताई."

दोघी जावा. दोन भावांच्या दोन बायका, दोन खोल्यांत राहणाऱ्या, मधे फळ्यांची भिंत. थोरलीचा नवरा खुर्च्यांच्या गाद्या शिवायचा. धाकटीचा नवरा दूर समुद्रापलीकडे इमारतींच्या कामावर होता, वर्षातून एकदा यायचा. फोनवर बोलताना धाकटी फोन दोन्ही मनगटांच्या मधे धरायची आणि त्याला सांगायची, सगळं झकास आहे. हातांचं त्याला ठाऊक नव्हतं. ताईंनी सांगू नये म्हणून तिनं ताईंना शपथ घातली होती.

डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. त्या गोंदापासून लांब राहा, औषधपाणी सुरू करा, हात परत येतील. उशीर केलात तर येणार नाहीत. पण औषधपाणी लांबलचक होतं, आणि ते फुकट मिळायचं फक्त कायम कामगारांना. चष्मेवाला मॅनेजर म्हणाला होता, हा हंगाम सरला की तुला कायम करतो, कायम झालीस की दवाखान्याचं कार्ड. म्हणजे ज्या गोंदानं हात गेले तोच गोंद आणखी थोडे दिवस हुंगायचा, तेव्हा हात परत मिळणार. यात डोकं कुणी चालवलं आणि गळा कुणाचा कापला ते तुम्हीच ठरवा.

"हंगाम संपत आलाय," थोरली रोज म्हणायची. त्या दिवशीही म्हणाली. वाटेत धाकटीच्या एका पायातली चप्पल निघून मागं राहिली आणि तिला पत्ता लागला नाही. थोरलीच मागं जाऊन घेऊन आली, खाली बसली, आणि रस्त्यात, लोक बघत असताना, तिच्या पायात घातली.

"आता माझ्या पाया पडायला लागलात," धाकटी म्हणाली. "लोक म्हणतील, काय जरब आहे धाकटीची!"

"चल पुढं. तोंड तेवढं बधिर झालं नाही तुझं."

कारखाना बुटांचा. धावायचे, उड्या मारायचे, खेळायचे बूट. एकाच छपराखाली दोन कंपन्यांचे बूट व्हायचे, आणि त्या दोन कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या होत्या. एकीच्या बुटावर पक्ष्याची चोच असायची, दुसरीच्या बुटावर एक गोल ठिपका. म्हणून आत काम करणाऱ्यांच्या तोंडी त्या चोचवाले आणि ठिपकेवाले. मधोमध वाशांपर्यंत विटांची भिंत, भिंतीला एक दार, दाराला कुलूप. चोचीकडच्या बाईनं ठिपक्याचा बूट नुसता हातात धरला तरी तिला घरी बसवायचे. थोरली चोचीकडे होती, धाकटी ठिपक्याकडे. घर एक, पण दोघींचे मालक एकमेकांचे वैरी.

चोचवाल्यांची रीत अशी की बूट विकायचाच नाही, माणूस विकायचा. जगातला सगळ्यात वेगानं पळणारा गडी त्यांनी बांधून ठेवला होता. तो जिंकला की त्याची चित्रं इमारतीएवढी लागायची. मग तो बूट मोजक्या दुकानांत, मोजकाच ठेवायचा, म्हणजे पोरं पहाटेपासून रांगा लावतात. थोरलीच्या हातून इतके जोड गेले, पण तिच्या घरात कुणाच्या पायात त्यातला एक आला नाही. आणि बुटाचं रूप शेवटच्या दिवसापर्यंत गुपित राहायला हवं, म्हणून कारखान्याला नमुना मिळायचा उशिरा आणि माल मात्र द्यायचा लवकर.

ठिपकेवाले कुठल्या पळणाऱ्याच्या नादी लागत नसत. चोचीचा कुठला बूट बाजारात पळतोय ते बघायचं, रंग जरा फिरवायचा, आणि निम्म्या किमतीला गल्लीगल्लीतल्या दुकानात टांगायचा. त्यासाठी कारखानदाराला पिळायचं, कारखानदारानं बायकांना पिळायचं. एकाला घाई असायची कारण गुपित फुटू नये, दुसऱ्याला घाई असायची कारण गुपित फुटलं.

तर अशा या घाईपायी गोंद बदलला. आधीचा पाण्यात कालवलेला गोंद सुकायला वेळ घ्यायचा. नवा फुंकर मारायच्या आत सुकायचा. बायकांनी त्याचं नावच घाई ठेवलं. घाईचा वास गोडसर, पहिल्यांदा बरा वाटायचा. डोकं हलकं व्हायचं, उगाच हसू यायचं. "हिला घाई चढली," म्हणून बाकीच्या हसायच्या. काही महिन्यांनी बोटांची टोकं जायची. मग चहाचा पेला हातातून पडायचा. मग पाय. अशा बायकांना कारखान्यात लाकडी म्हणत. अमकी लाकडी झाली, तमकी होत आली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पिंपं एकाच गोदामातून यायची. गोदामाला भिंत नव्हती.

संध्याकाळी घरी दोघींची जुंपायची, गमतीनं.

"तुमच्या चोचीला मिरवल्याशिवाय घास उतरत नाही," धाकटी म्हणायची. "आमचा ठिपका कसा, आपल्या पायापुरतं बघणारा."

"तुझ्या ठिपक्याला अक्कल असती तर आमचं बघून कशाला केलं असतं?"

"अक्कल कशाला लागते? डोळे असले की झालं. तुम्ही करा, आम्ही बघतो. पुढं कोण जातंय ते लोक ठरवतील."

"म्हणून तर तुमच्या बुटाचा तळ पहिल्या पावसाळ्यात निघतो."

"तुमचा कुठं राहतो? दोन्हींना घाईच तर लावलीय! मीच लावलीय एकाला, दुसऱ्याला तुम्ही!"

आणि थोरलीचा नवरा गादीत सुई खुपसत म्हणायचा, "दोघी गप्प बसा. तुम्हाला दोघांनीही एक जोड दिला नाही आणि इथं वकिली करताय."

पुढं बाहेरच्या देशांत ओरड झाली की बूट करणाऱ्या बायकांचे हात जातात. तेव्हा चोचवाल्यांनी आपली किंमत आणखी वाढवली आणि सांगितलं, आमचे कारखाने काचेसारखे स्वच्छ, कधीही या आणि बघा. ठिपकेवाले मागं कसे राहतील? त्यांनी प्रत्येक जोडाला एक कागदी चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर बूट करणाऱ्या बाईचा हसरा फोटो. त्या फोटोसाठी चेहरा कुणाचा घेतला असेल? धाकटीचा. तिच्यासारखं हसणारी दुसरी कुणी नव्हतीच. फोटोवाला म्हणाला, बूट हातात धरा. तिनं धरला, बूट पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. शेवटी त्यानं तिचा चेहरा घेतला आणि हात शेजारच्या मुलीचे घेतले. घरी येऊन धाकटी हसून हसून लोळली.

"ताई, मला नवे हात बसवले! कंपनी किती करते बघा माणसांचं!"

थोरलीला हसू आलं नाही. तिनं चिठ्ठी चुलीत घातली.

तपासणीला कंपनीची माणसं यायची, कधी चोचीची, कधी ठिपक्याची. त्याची एक रीत पडून गेली होती. चोचीची माणसं येणार म्हटलं की भिंतीतलं दार उघडायचं आणि चोचीकडच्या सगळ्या लाकडी बायका ठिपक्याकडे पाठवायच्या. घाईची पिंपंही तिकडेच. ठिपक्याची माणसं आली की उलट. बायका त्याला माहेरी जाणं म्हणत. "आज माहेरी जायचंय गं," असं सकाळीच कुणीतरी सांगायचं आणि लाकडी बायका डबे उचलून दारातून पलीकडे जायच्या. तिथं कोपऱ्यात बसून राहायच्या, गप्पा मारायच्या, काम नाही काही. पुष्कळजणींना ते आवडायचं. तपासणीवाला निघून गेला की परत सासरी.

तुम्हाला हे ठाऊक होतं. दरवेळी तपासणीवाल्यांबरोबर सरकारचा माणूस म्हणून तुम्हीच यायचात. ठाऊक नव्हतं असं म्हणू नका.

त्या दिवशी दोघी फाटकातून आत शिरल्या तर चष्मेवाला अंगणात नुसता गरागरा फिरत होता. चष्मा कपाळावर, आणि तो शोधत होता चष्माच.

"काय झालं साहेब?" थोरलीनं विचारलं.

"दोघं येतायत!"

"दोघं कोण?"

"चोच पण आणि ठिपका पण! आज! एकाच वेळी!"

झालं होतं असं. चोचवाल्यांनी ठरवलं होतं की या वेळी नुसती तपासणी नको, वर्तमानपत्रवाले घेऊन जायचे, फोटो काढायचे आणि ठिपक्याला तोंडावर पाडायचं. ते ठिपकेवाल्यांच्या कानावर गेलं. त्यांनी म्हटलं, तुम्ही फोटो काढणार आणि आम्ही भिंतीआड बसणार? आम्हीही येतो, आमचाही फोटोवाला घेऊन, त्याच दिवशी. एकमेकांच्या पुढं पळायची सवय त्यांना इतकी की एकमेकांच्या अंगावर येऊन आदळले.

आणि माहेर उरलं नाही.

चष्मेवाल्यानं मग जे डोकं चालवलं ते त्याच्यासारखाच माणूस चालवू जाणे. मागच्या आवारात माल न्यायला आलेला एक रिकामा कंटेनर उभा होता. त्यानं घाईची पिंपं, बाकांवरचे उघडे डबे, ब्रश, फडकी, सगळं हमालांकडून त्यात भरलं. मग लाकडी बायकांना बोलावलं. लपवायच्या दोन वस्तू होत्या, जागा एक होती. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण चौकशीत तुम्ही त्याला "सद्‌हेतू" म्हणालात.

"मी नाही जायची त्यात," धाकटी म्हणाली. कंटेनरच्या दारातूनच तिनं आत नाक केलं आणि मागं घेतलं. "आत घाईची अंघोळ घालणार आहात काय आम्हाला?"

"तासाभराचा प्रश्न आहे," चष्मेवाला म्हणाला. "ते चहा पितील, फिरतील, जातील. दार थोडं उघडं ठेवतो की. वारा लागेल."

"साहेब, मग इथं मोकळ्यात झाडाखाली बसतो ना. आम्ही कोण, काय, कुणाला कळतंय?"

"फोटोवाले आहेत! तुझा चेहरा तर चिठ्ठीवर आहे. तुला धरून हात दाखव म्हणतील. दाखवशील?" मग त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ, आजचा दिवस निभावून न्या. हंगामाची वाट बघायला नको, उद्याच्या उद्या सहाही जणींना कायम करतो. उद्या दवाखान्याचं कार्ड हातात."

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं.

थोरलीला डॉक्टरचं बोलणं ऐकू येत होतं. उशीर केलात तर येणार नाहीत. हंगाम संपायला अजून महिना होता आणि हा उद्या म्हणतोय. ती म्हणाली, "जा. तासभर तर आहे. मी मधे मधे येऊन बघते."

"खरं येताल?"

"येते म्हटलं ना."

धाकटीनं मग खांदे उडवले. पायरी चढताना तिचा पाय लागला नाही, थोरलीनं तिला मागून ढकलून वर चढवलं. आत उभी राहून ती बाकीच्या पाचजणींकडे वळून म्हणाली, "चला गं बायांनो. आज माहेरही नाही, सासरही नाही. आज सरळ परदेश!"

त्या हसल्या. सगळ्यात वयस्कर बाईला सगळ्या मावशी म्हणत, तीही हसली. थोरली हसत हसतच पळत आपल्या बाकाकडे गेली.

पाहुणे आले. चोचीकडून एक उंच बाई, ठिपक्याकडून एक तरुण, दोघांचे फोटोवाले, चार वर्तमानपत्रवाले आणि मधे तुम्ही. बाईनं बाकांवर बोट फिरवून धूळ बघितली. तरुणानं खाली वाकून बाकांच्या खालची बघितली. बाई म्हणाली, मला पिण्याच्या पाण्याची टाकी बघायची आहे. तरुण म्हणाला, मला टाकीत उतरून बघायची आहे. तिनं कामगारांचं जेवण चाखलं, त्यानं दोनदा चाखलं. तिनं आग विझवायची नळी सोडायला लावली, त्यानं सगळ्या कामगारांना घंटा वाजवून बाहेर अंगणात उभं करून पुन्हा आत घ्यायला लावलं. कोण जास्त कसून तपासतंय याची शर्यत लागली होती. आधी निघेल तो हरला. तासाचे दोन झाले, दोनाचे तीन. ऊन चढलं.

दार थोडं उघडं ठेवतो म्हणाला होता. ठेवलंही होतं. पण वाऱ्याबरोबर वास अंगणात यायला लागला आणि तिथं फोटोवाले उभे होते. राखणदारानं चष्मेवाल्याकडे पाहिलं, चष्मेवाल्यानं हातानं लोटल्यासारखी खूण केली. राखणदारानं दार लावलं आणि कंटेनरची कडी असते तशी ती खटकन बसली. कंटेनरचं दार आतून उघडत नाही. तसंही आतल्या कुणाचे हात कडी उघडायच्या कामाचे नव्हते.

थोरलीला हे दिसलं नाही. अंगणात उभं केलं तेव्हा ती मागं निघाली होती, पण चष्मेवाल्यानं दंडाला धरून तिला रांगेत परत आणलं.

"सोडा. जाऊन बघून येते फक्त."

"आत्ता हललीस तर सगळं गेलं. कार्ड पण गेलं. जरा कळ काढ."

मग ती उंच बाई नेमकी तिच्यापुढेच येऊन थांबली.

"ताई, हात दाखवा."

थोरलीनं हात पुढे केले. तिचे हात चांगले होते. चोचीकडे खिडकीजवळ तिचा बाक, वारा यायचा. बाईनं तिची बोटं एकेक करून वाकवून पाहिली, टाचणीनं टोचलं, थोरलीनं हात मागं ओढला. बाई खूश झाली. "बघा, बोटांना छान जाण आहे," ती फोटोवाल्याला म्हणाली. तेवढ्यात तो तरुण पुढं आला आणि म्हणाला, मलाही टोचायचंय. त्यानंही टोचलं. दोन फोटो निघाले.

"इथं कुणाला हातापायाचा त्रास आहे?" बाईनं विचारलं.

सगळी रांग थोरलीकडे बघत होती. चष्मेवाला बघत होता. तुम्ही तर तिच्या समोरच होतात.

"नाही," थोरली म्हणाली.

त्या क्षणी ती ओरडली असती तर? हे ती स्वतःला विचारते. ते तिचं ती बघेल. तुम्ही ते विचारायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, दोन कंपन्यांची एवढी हुशार माणसं, आवारभर फिरली, कंटेनर कसा नाही दिसला? दिसला की. दोघांना दिसला. पण करार असा होता की कुणी कुणाच्या मालाला हात लावायचा नाही. चोचीच्या बाईला वाटलं, ठिपक्याचा माल. ठिपक्याच्या तरुणाला वाटलं, चोचीचा. दोघं त्याच्या शेजारून चालत गेले, एकमेकांकडे बघत, समोरचा डोकावतोय का म्हणून. आतून काही ठोकल्यासारखं ऐकू आलं असेल तर हमाल काम करतायत असं वाटलं असेल. लाकडी हातांनी ठोकलं तर आवाज तो केवढा येणार!

शेवटी दोघं एकदमच निघाले. कुणीच आधी निघायला तयार नव्हतं, म्हणून हात मिळवून एकदम.

गाड्या हलताच थोरली मागं धावली. दार बंद बघून तिच्या तोंडून शिवी निघाली. कडी तिला एकटीला हलेना. दोन हमाल आले, तिघांनी मिळून कडी उचलली. दार उघडलं आणि आतून वास बाहेर आला तो एखाद्या जड माणसानं धक्का द्यावा तसा. मावशी दारालाच होती, ती बाहेर पडली. बाकीच्या तिच्यामागून, गुडघ्यांवर, एकीच्या अंगावर एक. एक उलटी करत होती, एक नुसती हसत होती, थांबतच नव्हती.

"धाकटी कुठंय?"

मावशीनं आत हात केला.

पुढं मावशीनंच सांगितलं. दाराला खालच्या बाजूला फट होती, बोटभर. सहाही जणी आळीपाळीनं आडव्या पडून तिथं नाक लावत होत्या. धाकटीनं पाळी लावून दिली होती, शाळेच्या बाईसारखी. चल, तुझं झालं, आता तू. बोलत होती, टोमणे मारत होती. मग तिची पाळी आली तेव्हा तिला उठता येईना, पाय कुठं आहेत तेच कळेना. त्या तिला ओढायला गेल्या, पण ओढायला हातात जोर कुणाच्या होता? ती डब्यांच्या बाजूला कलंडली. शेवटी म्हणाली, माझी पाळी घ्या कुणीतरी, मी आहे इथं.

थोरलीनं तिला उचलून बाहेर आणलं. एकटीनं. अंगणात ठेवलं, तोंडावर पाणी मारलं, छाती दाबली, गालावर मारलं, हाका मारल्या. गळ्याचं बटण काढलं, मनगटांची काढली. पाचजणी भोवती बसल्या होत्या आणि त्यांना तिचं डोकं नीट धरतासुद्धा येत नव्हतं.

दीर तिसऱ्या दिवशी पोचला. त्यानं बायकोचे हात पाहिले. थोरलीनं तेव्हा त्याला सगळं सांगितलं.

"वहिनी, मला का नाही कळवलंत?" एवढंच तो म्हणाला.

"शपथ घातली होती तिनं, भावजी."

"शपथ," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

मग दोन्ही कंपन्यांनी आपापली रीत दाखवली. चोचवाले पळाले. आमचा त्या कंटेनरशी संबंध नाही, ती बाई आमची नव्हती, असं सांगून त्यांनी सगळं काम उचललं आणि दुसऱ्या देशात नेलं. भिंतीची ती बाजू रिकामी झाली, थोरलीचं काम गेलं. ठिपकेवाले थांबले, आणि थांबल्याची जाहिरात केली. दुसरे पळाले, आम्ही कामगारांसोबत उभे आहोत. त्या वर्षी ठिपका चोचीच्या पुढं गेला म्हणतात. पण धाकटी त्यांचीही नव्हती. तपासणीच्या वेळी ती आमच्या बाजूला हजर नव्हती, असं त्यांनी कळवलं. कारखान्यानं सांगितलं, त्या दिवशी ती कामावर आलीच नव्हती. उरलेल्या पाचजणींना कार्ड मिळालं नाही, कारण त्याही आल्या नव्हत्या. मावशी आता पाणीसुद्धा दुसऱ्याच्या हातानं पिते.

चौकशीत तुम्हाला पुष्कळ काही विचारलं गेलं. एक विचारलं नाही. विचारणारे तुमच्याच खात्याचे होते. ते थोरली विचारायला येते. तुमच्या कचेरीच्या ओट्यावर ती बसते, शिपाई म्हणतो साहेब नाहीत, ती म्हणते बसते. तिनं कुणाला शिवी दिलेली नाही, हात जोडलेले नाहीत. हातात काही नसतं तिच्या. संध्याकाळी उठते, कपडे झटकते आणि जाते. दुसऱ्या दिवशी येते.

तिचं विचारणं एवढंच आहे. कंटेनर उघडला तेव्हा दोन्ही कंपन्यांच्या गाड्या निघून गेल्या होत्या. तुमची तिसरी होती, ती फाटकात होती. ती थांबली. मागच्या खिडकीची काच खाली आली. थोरली धाकटीला अंगणात घेऊन बसली होती, तिनं मान वर केली आणि तुम्हाला पाहिलं. तुम्ही तिला पाहिलंत. तिनं ओरडून सांगितलं, गाडी द्या, दवाखान्यात न्यायचंय, श्वास आहे अजून. सगळ्या आवारानं ते ऐकलं. धाकटीचा श्वास तेव्हा चालू होता.

तुम्ही काच वर केलीत.

का केलीत?